दहावी पोराची, अकरावी बापाची

अकरावीला जायला काय लागतं, असं सरकारला विचारलं तर उत्तर एका ओळीत मिळतं : मान्यताप्राप्त मंडळाची दहावी पास. हाच प्रश्न रहाटणीत, तापकीर चौकाजवळच्या एखाद्या चहाच्या टपरीवर विचारून बघा. चहा संपेल, दुसरा येईल, टपरीवाला स्टोव्ह विझवेल, तरी उत्तर चालूच असेल. त्यात मुलाचा उल्लेख अगदी शेवटी होतो आणि तोही 'तो काय, करेल अभ्यास' एवढाच.

रहाटणी हे गाव कागदावर एक आणि बोलण्यात तीन आहे. बिल्डर फ्लॅट विकतो तेव्हा ते 'वाकडजवळ' असतं, मुलीकडचे चौकशी करतात तेव्हा 'पिंपळे सौदागर' असतं, आणि महापालिकेचा मिळकतकर भरायची वेळ आली की निमूटपणे रहाटणी होतं. नखाते, कोकणे, तापकीर ही इथली मूळची घरं. बाकी आम्ही सगळे कंपन्यांच्या मागे आलेले. कोणी लातूरचा, कोणी जळगावचा, कोणी सांगोल्याचा. पहाटे अंधारात भोसरी-चाकणच्या कंपन्यांच्या बस चौकाचौकातून माणसं उचलतात आणि रात्री उशिरा आणून टाकतात. मधल्या वेळात पोरं कधी मोठी होतात ते कळत नाही. कळतं ते एकदम दहावीच्या निकालाला.

आमच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. मूळचे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. सोसायटीत त्यांना क्वालिटीवाले भाऊ म्हणतात आणि ते त्यांना आवडतं. दिवसभर बुशिंगचे व्यास मोजून माणसाची जी नजर तयार होते तिने ते घरी आल्यावरही बघत असतात. पोळी गोल आहे, पण 'ओव्हॅलिटी आहे' असं एकदा त्यांच्या तोंडून निघालं होतं. त्यानंतर आठवडाभर त्यांचा डबा कँटीनचा होता. २०२५ साली त्यांच्या थोरल्याची दहावी झाली आणि अकरावीच्या प्रवेशाचं सगळं प्रकरण त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं.

"पस्तीस म्हणजे काय," ते मला जिन्यात म्हणाले, "गो-नो गो गेज. पीस आत गेला तर पास, नाही गेला तर रिजेक्ट. इतकं सरळ असायला पाहिजे."

नियमाच्या बाजूने बोलायचं तर नियम त्याहूनही सरळ आणि उदार आहे. पस्तीस पडले की पास. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटी घेऊन अकरावीच्या वर्गात जाऊन बसता येतं, राहिलेलं मागाहून सोडवायचं. म्हणजे दहावी पुरती पास न झालेलाही अकरावीला चालतो. सरकार एवढं दिलदार झालेलं मी दुसऱ्या कुठल्याच खिडकीवर पाहिलेलं नाही.

पूर्वी असं नव्हतं. मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली तेव्हा शंभराहून अधिक मुलं बसली आणि वीस-बावीसच पार पडली. त्या पार पडलेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्या काळी मॅट्रिक झालेला मुलगा कॉलेजात गेला की कॉलेजच उठून उभं राहत असेल. पुढे कैक वर्षं 'मॅट्रिक नापास' हीदेखील स्थळ सांगताना न लपवण्याची गोष्ट होती, कारण नापास व्हायलाही आधी मॅट्रिकपर्यंत पोहोचावं लागे. मग १९७५ साली नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी झाली, अकरावीची जुनी मॅट्रिक गेली, आणि अकरावी नावाचं एक नवंच वर्ष उरलं. त्याची बोर्डाची परीक्षा नाही, त्याचा निकाल कोणी विचारत नाही, त्या वर्षाची गुणपत्रिका पुढे कुठल्या मुलाखतीत कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही. फक्त त्यात शिरणं तेवढं बोर्डाहून अवघड झालं.

आता यातली खरी गंमत आकड्यांत आहे. २०२५ सालचं उदाहरण घ्या. राज्याचा दहावीचा निकाल लागला ९४.१० टक्के. नियमित विद्यार्थ्यांपैकी साडेचौदा लाखांहून थोडी जास्त मुलं पास झाली. आणि त्याच साली राज्यभरात अकरावीच्या जागा होत्या एकवीस लाखांच्या वर. म्हणजे पास झालेल्या प्रत्येकाला जवळजवळ दीड जागा. एकीवर स्वतः बसा, अर्धीवर दप्तर ठेवा. तरीही त्या जूनमध्ये रहाटणीत ज्याला विचारावं तो कपाळाला हात लावून सांगत होता, "जागाच नाहीत हो कुठं."

जागा नाहीत याचा अर्थ 'चांगल्या कॉलेजात' जागा नाहीत. चांगलं कॉलेज कोणतं याची व्याख्या एकाही शासन निर्णयात सापडणार नाही. ती आमच्याकडे आहे. ज्या कॉलेजात आपल्या पोराचा नंबर दोन टक्क्यांनी हुकतो ते चांगलं कॉलेज. चुकून नंबर लागला, की त्याच संध्याकाळी ते कॉलेज जरा उतरतं. "तिथं आता पहिल्यासारखं राहिलं नाही," असं सांगणारा कोणीतरी त्याच लिफ्टमध्ये भेटतोच.

आमच्याकडे सुरुवात मात्र नेहमी शहाणपणाने होते. लांब कशाला, पिंपरी-चिंचवडमध्येच बघू, असं ठरतं. पिंपरीचं जय हिंद, चिंचवडचं फत्तेचंद जैन, आकुर्डीचं म्हाळसाकांत, निगडीचं मॉडर्न, सांगवीचं घोलप अशी नावं वहीत उतरतात. मग घरात कोणाचा तरी मेहुणा येतो. मेहुणा फर्ग्युसनचा असतो. निदान फर्ग्युसनसमोर चहा प्यायलेला असतो. तो पाय पसरून म्हणतो, "दाजी, फर्ग्युसन म्हणजे फर्ग्युसन." फर्ग्युसनची स्थापना १८८५ची. मेहुणा अशा थाटात सांगतो की १८८४ पासून त्याची तयारी चालली होती. मग वहीतली पहिली पाच नावं खोडली जातात आणि फर्ग्युसन, एसपी, बीएमसीसी अशी नवी माळ लागते. मुलाला विज्ञान घ्यायचंय आणि बीएमसीसी हे कॉमर्सचं कॉलेज आहे, हे दोन दिवसांनी ध्यानात येतं.

मेट्रो आल्यापासून हा मेहुणा जास्तच बळावला आहे. पूर्वी 'रहाटणीहून डेक्कन' म्हटलं की पोराची आई डोळ्यांना पदर लावायची. आता नाशिक फाट्याला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला उतरून दुसरी मेट्रो धरायची आणि डेक्कन. सिव्हिल कोर्टला बदलावी लागते हे मला फार समर्पक वाटतं. महाराष्ट्रात अकरावीची वाट कोर्टावरूनच जाते. २००८ साली सरकारने वेगवेगळ्या बोर्डांची पोरं एका मापात आणायला पर्सेंटाइलचं सूत्र काढलं, ते उच्च न्यायालयात पडलं. २००९ साली नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना आणि दहा टक्के बाकीच्यांना असा नव्वद-दहाचा कोटा आणला, तोही पडला. २०१० साली सहापैकी उत्तम पाच विषय धरण्याची 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आली. ती उच्च न्यायालयात पडली आणि सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. २०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल ९९.९५ टक्के लागला, म्हणून अकरावीसाठी सीईटी घ्यायचं ठरलं. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. इतक्या वर्षांत या प्रवेशाने जेवढी न्यायालयं पाहिली तेवढी आमच्या गावातल्या जमिनींच्या वादांनीही पाहिली नसतील, आणि रहाटणीत जमिनीचे वाद म्हणजे घरचं कार्य असतं.

भाऊंच्या पोराला ९१.४० टक्के पडले. पेढे वाटले गेले. त्यांच्या आईने, म्हणजे पोराच्या आजीने, आष्टीला फोन करून 'एक्क्याण्णव' हा आकडा अशा आवाजात सांगितला की पलीकडून कोणी कितीपैकी हे विचारायला धजलं नाही. दुपारी दोनपर्यंत भाऊ खूश होते. दोनला त्यांनी सोसायटीचा ग्रुप उघडला. समोरच्या विंगमध्ये ९४. वरच्या मजल्यावर ९६.२०. कोणाची तरी भाची ९८. आणि राज्यात शंभर टक्केवाले २११.

"शंभर टक्के म्हणजे झीरो डिफेक्ट," भाऊ खिन्नपणे म्हणाले. "आम्ही वीस वर्षं बोर्ड लावलाय कंपनीत, अजून जमलं नाही."

त्यांना मी समजावलं की यात ड्रॉइंगचा हात असतो. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असेल तर ७ गुण वाढतात, बी असेल तर ५, सी असेल तर ३. खेळाडूंना वेगळे, शास्त्रीय गाणं आणि लोककलावाल्यांना वेगळे. त्यावर बेस्ट ऑफ फाइव्ह. सगळ्यात कमी गुणांचा विषय टक्केवारीतून आपोआप गळतो. म्हणजे गणितात गळपटलेला मुलगा गणित वगळून, फुलदाणीचे गुण मिळवून विज्ञान शाखेच्या यादीत वर चढू शकतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याला फळ्यावर गणितच दिसतं. भाऊ गप्प झाले. मग आत जाऊन पोराला म्हणाले, "तू सातवीत ड्रॉइंगचा क्लास सोडला होतास ना?" पोरगा म्हणाला, "पप्पा, तुम्हीच बंद केला होता. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून." भाऊंनी तो विषय तिथेच क्लोज केला.

खरी परीक्षा कागदांची. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला हे पोराचे कागद. ते दोनच. त्यानंतर सुरू होतात ते बापाचे, आणि बापाच्या मागे आजोबांचे. आरक्षणातून अर्ज करायचा तर जातीचा दाखला लागतो, आणि जातीच्या दाखल्याला पुरावा लागतो तो ठरावीक तारखेआधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी तुमचं कुटुंब जिथे राहत होतं, दाखला तिथला. त्या दिवशी रहाटणीतले आम्ही निम्मे लोक जन्मलोच नव्हतो, आणि आमचे वडील आष्टी, भूम, चाळीसगाव अशा ठिकाणी शेळ्यांमागे पळत होते. पोरगा पिंपरीच्या वायसीएम दवाखान्यात जन्मलेला, काळेवाडीच्या शाळेत शिकलेला, मराठवाडा त्याने फक्त दिवाळीच्या गाडीतून बघितलेला. पण त्याच्या अकरावीची किल्ली त्याच्या पणजोबांच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, गंजक्या कपाटात, जुन्या जनरल रजिस्टरात.

भाऊ सुट्टी टाकून गावी गेले. तिथे मुख्याध्यापकांनी रजिस्टर काढलं. पानाच्या कडा उंदरांनी आधीच तपासलेल्या. भाऊंचे वडील, म्हणजे पोराचे आबा, दुसरीच्या वर्गातून एका दुपारी मागच्या खिडकीतून पळाले होते ते परत शाळेत गेले नव्हते. घरात हे आजवर हसण्यावारी नेण्याचं प्रकरण होतं. आता सगळं घर एकाच गोष्टीवर श्वास रोखून बसलं : पळण्याआधी आबांचं नाव दाखल झालं होतं ना? झालं होतं. नावासमोर जातीचा रकानाही भरलेला होता. निर्गम उतारा मिळाला. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शिक्षणाबद्दल अभिमानाने बोलायला सुरुवात केली. "मी शिकलो म्हणून हा शिकतोय," ते आता सगळ्यांना सांगतात. खोटं काही नाही त्यात.

हे झालं सरळ आरक्षणाचं. समांतर आरक्षणाची यादी वाचताना तर महाराष्ट्राचा इतिहासच डोळ्यांपुढून जातो. प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिकांची मुलं, खेळाडू, बदली होऊन आलेल्यांची मुलं. आमच्या सोसायटीत किल्लारीकडचे एक कुटुंब आहे. १९९३च्या त्या पहाटेनंतर त्यांच्याकडे घराचं काही उरलं नाही, फक्त एक प्रमाणपत्र आलं, आणि ते त्यांनी आजही लॅमिनेट करून देवघराच्या फळीवर ठेवलं आहे. त्यावर मी विनोद करणार नाही. एवढंच सांगतो, की ते बघून एका शेजाऱ्याने त्यांना हळूच म्हटलं, "तुमचं बरंय हो." त्या घरातल्या आजींनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो तीन मजले जिन्याने उतरून गेला. लिफ्ट समोर उघडी होती.

कागद जमले की ते संगणकात घालायचे. पूर्वी ऑनलाइन अकरावी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. २०२५ पासून सगळ्या राज्याला एकच पोर्टल, नोंदणीची फी १०० रुपये, अर्जाचे भाग दोन. पहिल्यात तुम्ही कोण, दुसऱ्यात तुम्हाला काय हवंय. मे महिन्यात नोंदणीच्या पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं आणि तारीख पुढे ढकलावी लागली. त्यावर रहाटणीत कोणी फारसं रागावलं नाही. इतक्या पोरांचं ओझं पडलं की कोणाचीही पाठ बसेल, असं म्हणून लोकांनी ते समजून घेतलं. उलट पहिल्या दिवशी चाललं असतं तर ते खरं संकेतस्थळ आहे की कोणी फसवतंय, असा संशय आला असता.

भाऊंचा अर्ज भरला गेला तो रहाटणीतल्याच एका सायबर कॅफेत. आठ बाय दहाची जागा, दोन संगणक, एक झेरॉक्स, भिंतीवर 'उधार बंद' आणि त्याखाली उधारीची वही. कॅफे चालवणारा पोरगा विशीतला. त्याला राज्यातल्या सगळ्या योजना तोंडपाठ आहेत, पण स्वतःचा बीकॉमचा शेवटचा पेपर राहिला आहे. भाऊ त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला, त्यामुळे वहिनी आणि पोरगा गेले. फोटो चढवला, तो केबीत मोठा निघाला. लहान केला, तर त्यात चेहरा दिसेना. शेवटी कॅफेवाल्याने असा मध्यम फोटो बसवला की तो भाऊंच्या पोराचाही वाटत होता आणि राज्यातल्या कुठल्याही पोराचा वाटला असता. मग पडद्यावर आलं : नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

नोंदणीकृत मोबाइल भाऊंचा. आणि भाऊंच्या कंपनीत मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये जमा होतो. वहिनींनी कंपनीच्या लँडलाइनला फोन लावला. सिक्युरिटीने विचारलं, इमर्जन्सी काय आहे? वहिनी म्हणाल्या, "ओटीपी." सिक्युरिटीवाल्याची मुलगी बारावीला होती. तो पुढे एक शब्द बोलला नाही, थेट सुपरवायझरला निरोप पाठवला. भाऊ हेल्मेट, गॉगल आणि सेफ्टी बूट सांभाळत शॉपफ्लोअरवरून गेटपर्यंत धावत आले. लॉकर उघडला. तोवर पहिल्या ओटीपीची मुदत संपली होती, दुसरा मागवला होता, तिसराही येऊन पडला होता. भाऊंनी धापा टाकत पहिला वाचून दाखवला. कॅफेतून वहिनींचा आवाज आला, "अहो, सगळ्यात खालचा वाचा, खालचा!" त्या रात्री त्यांच्या लाइनवर एक लॉट तपासायचा राहिला. ग्राहकाकडून तक्रार आली नाही, हे भाऊंचं नशीब.

पसंतीक्रमाच्या वेळी मात्र भाऊ स्वतः बसले. एकापासून दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. यात एक मेख आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर काय लिहावं, यावर घराघरांत रात्री जागवल्या जातात. फार मोठं लिहिलं तर हुकतं, फार लहान लिहिलं तर लागतं आणि मग आयुष्यभर वाटतं, थोडं मोठं लिहायला हवं होतं. भाऊंनी एक्सेल उघडली. मागच्या वर्षीचे कटऑफ, बस, मेट्रो, फी, मेहुण्याचं मत. प्रत्येक कॉलेजला धोक्याचा आकडा दिला आणि लाल, पिवळे, हिरवे रंग भरले. ही रीत त्यांच्याकडे नवीन पार्ट सुरू करण्याआधी वापरतात. दहापैकी नऊ कॉलेजं लाल निघाली. दहावं हिरवं होतं, पण ते मुलींचं होतं.

पोराला कोणी काही विचारलं का? विचारलं. "तुला काय वाटतं?" असं भाऊ म्हणाले आणि उत्तर यायच्या आत खालच्या ओळीवर गेले.

कोकणे चौकापासून शिवार चौकापर्यंत चालत गेलात तर वर मान करून चालावं लागतं, कारण खाली रस्ता आणि वर जेईई-नीटच्या क्लासचे फलक. त्यावर पोरांचे फोटो, फोटोखाली रँक, रँकखाली लहान अक्षरांत आणखी काहीतरी. या क्लासांनी सगळा प्रश्नच सोपा केला आहे. 'इंटिग्रेटेड' घ्या, म्हणजे कॉलेज कुठलंही असो, पोरगा क्लासातच असणार. प्रवेश एका गावात, हजेरी दुसऱ्या गावात आणि अभ्यास तिसऱ्या मजल्यावर. सरकारने २०१८ साली मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढला, म्हणजे निदान अंगठा तरी कॉलेजात जावा. ज्या कॉलेजच्या यादीत नाव लागावं म्हणून बाप एक्सेल भरत होता, तिथे पोराने जाऊच नये म्हणून तोच बाप आता वेगळी फी भरतो. फर्ग्युसनवाला मेहुणाही इथे गप्प होतो, कारण वर्गात न बसता कॉलेज करण्याची कल्पना मुळात त्याची आहे.

या सगळ्या गदारोळात एक पात्रता कोणीच काढत नाही. मोरवाडीला महापालिकेचं आयटीआय आहे. दहावीनंतर तिथे जाता येतं, काही ट्रेडला तर दहावी नापासही चालतो. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमालाही दहावीचे पस्तीस टक्के पुरतात. आणि आमचा हा सगळा औद्योगिक पट्टा उभा आहे तो फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या हातांवर. भोसरीत कुठल्याही शेडच्या भिंतीवर 'पाहिजेत' असा कागद दिसला की त्यात पहिली ओळ त्यांचीच असते. खुद्द भाऊ आयटीआय फिटर आहेत. बीडला ट्रेड केला, इथे अ‍ॅप्रेंटिस म्हणून आले, मायक्रोमीटर हातात धरायला शिकले आणि त्यावर हा फ्लॅट घेतला. हप्ते चालू आहेत, पण वेळेवर. मी त्यांना एकदा धीर करून म्हटलं, "पोराला हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायला आवडतं. सोसायटीच्या पंपाची मोटर त्यानेच उघडली होती. मोरवाडीला बघायचं का?"

भाऊ थांबले. "आपल्या पोराला?" ते म्हणाले. "त्याला एक्क्याण्णव आहेत."

एकोणीसशे शहाण्णव-सत्त्याण्णवला ज्या गोष्टीने त्यांना शेतातून उचलून कंपनीत आणलं, तीच गोष्ट आता त्यांच्या पोराला कमी पडते. पस्तीस टक्क्यांत सरकारचं भागतं, बापाचं नव्वदीतही भागत नाही. आणि याला भाऊंना दोष कसा देणार? मीही माझ्या घरी 'आयटीआय' हा शब्द उच्चारलेला नाही. शेजारच्या पोराला सुचवायला तो फार चांगला आहे.

शेवटी दुसऱ्या फेरीत पिंपरीतल्याच एका कॉलेजला नंबर लागला. जाण्यायेण्याला सोयीचं, फी परवडणारं, आणि पोराच्या वर्गातले चार मित्र तिथेच. भाऊंच्या एक्सेलमध्ये ते लाल होतं. प्रवेश पक्का झाला त्या रविवारी सोसायटीतले तीन पालक, ज्यांची मुलं आता दहावीत गेली आहेत, भाऊंच्या घरी वह्या घेऊन आले. भाऊंनी त्यांना कटऑफ, निर्गम उतारा, पहिली पसंती, केबी आणि ओटीपी असं सगळं तपशीलवार समजावलं. मध्ये एकदा उठून त्यांनी फळाही आणला. मला त्या दिवशी पटलं, की अकरावीच्या प्रवेशाला बाप पात्र होतो तो प्रवेश झाल्यानंतर.

भाऊंनी ती सगळी फाइल नीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवली आहे, धाकटीसाठी. धाकटी सहावीत आहे. ती दहावीला पोहोचेपर्यंत नव्या शैक्षणिक धोरणाचा पाच-तीन-तीन-चार हा आकृतिबंध कुठवर आलेला असेल, दहावी कशी असेल, पोर्टल कोणतं असेल आणि कोर्टात त्या वर्षी काय पडेल, हे सांगायला आज ना शिक्षणमंत्री धजतील ना मेहुणा. भाऊंना याची काळजी नाही. "प्रोसेस आपली तयार आहे," ते म्हणाले. "नुसतं नाव बदलायचं आणि लॉगिन करायचं."

धाकटी गॅलरीत अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "पप्पा, पासवर्डपण बदला. दादाचा सगळ्या सोसायटीला पाठ झालाय."